रेडिएशनच्या आधी श्वासाची तालीम: वडिलांसाठी घेतलेल्या सेवेचा रिव्ह्यू

फुप्फुसाच्या कॅन्सरला रेडिएशन द्यायचं ठरलं की नातेवाईक सगळ्यात आधी मशीन कुठलं ते विचारतात. नवीन आहे का, परदेशी आहे का, मुंबईत असतं तेच का. माझ्या वडिलांचे उपचार पार पडल्यावर मी एकच सांगेन: मशीनचं नंतर विचारा, आधी पेशंटच्या श्वासाचं काय करणार ते विचारा. त्याचं उत्तर नीट मिळालं तर बाकीचं बरंचसं नीट असतं.

आम्ही नाशिकचे. उपचार पुण्यातल्या एका रुग्णालयात घेतले. नाव लिहीत नाही, कारण हीच सोय आता बऱ्याच शहरांत मिळते आणि वाचणाऱ्याला ती कुठेही ओळखता यावी असं मला वाटतं. शिवाय खाली दोन-तीन तक्रारीही आहेत. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे डॉक्टरांना प्रश्न विचारायला मी कधी लाजत नाही.

आबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाले. बिडी सुटली ती दम्यासारखा त्रास सुरू झाल्यावरच. डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात २.३ सेंटीमीटरची गाठ निघाली. पेट स्कॅनमध्ये ती कुठे पसरलेली दिसली नाही, म्हणजे ऑपरेशनने काढता आली असती. पण सीओपीडीमुळे, म्हणजे श्वासनळ्या आकसण्याच्या जुनाट आजारामुळे, फुंकर मारायच्या तपासणीत आकडा नॉर्मलच्या ३८ टक्क्यांवर आलेला. सर्जननी स्पष्ट सांगितलं, हे फुप्फुस कापण्याजोगं नाही. अशा वेळी एसबीआरटी नावाचं रेडिएशन करतात. थोड्याच सिटिंगमध्ये, प्रत्येक वेळी बराच मोठा डोस, अगदी नेमक्या जागी. आबांना ५ सिटिंगमध्ये ५० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) ठरले, एक दिवसाआड. छातीच्या भिंतीपासून गाठ दूर असती तर कदाचित ३ किंवा ४ सिटिंगमध्ये झालं असतं. बरगडीजवळ असल्यामुळे डॉक्टरांनी डोस थोडा वाटून घेतला.

आता 'नेमक्या जागी' हे शब्द म्हणायला सोपे आहेत. गाठ एका जागी थांबतच नाही. श्वास घेतला की छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा खाली जातो, त्याच्याबरोबर फुप्फुसाचा खालचा भाग खाली जातो आणि गाठही जाते. वरच्या भागातल्या गाठी काही मिलिमीटरच हलतात. खालच्या भागातल्या, पडद्याजवळच्या गाठी एक-दीड सेंटीमीटर सहज हलतात, काहींच्या दोनच्याही पुढे जातात. साधा सीटी काढला तर चालत्या झोपाळ्यावरच्या पोराचा फोटो काढावा तसं होतं. कुठे फरफटलेलं, कुठे कापलेलं, आणि खरा आकार किती ते कळत नाही. त्या चित्रावर प्लॅन बेतला तर किरण गाठीची कड चुकवतील किंवा चांगलं फुप्फुस भाजतील. आबांच्या फुप्फुसात चांगला भाग आधीच थोडा.

पुण्याच्या आधी आम्ही दुसऱ्या एका शहरात मत घ्यायला गेलो होतो. तिथे मी विचारलं, गाठ श्वासाबरोबर किती हलते हे तुम्ही मोजणार कसं? उत्तर मिळालं, "ताई, त्याचं टेन्शन नका घेऊ, आम्ही मार्जिन धरतो." मार्जिन म्हणजे गाठीभोवती किरणांसाठी धरलेली जास्तीची जागा. किती धरणार, तर "नेहमीची". मोजणार का, तर "अनुभवाने कळतं". डॉक्टर स्वभावाने चांगले होते, वेळही दिला. पण अंदाजाने मार्जिन धरणं आणि मोजून धरणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने, एएपीएमने, २००६ सालीच ७६ क्रमांकाच्या कार्यगटाचा अहवाल काढून ठेवलाय. गाठ ५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल आणि पेशंटला झेपत असेल, तर श्वासाचा बंदोबस्त करावा, असं त्यात म्हटलंय. आणि हलते किती, हे मोजल्याशिवाय कळणार कसं?

पुण्यात पहिल्याच भेटीत डॉक्टर म्हणाल्या, "प्लॅनिंग सीटीच्या आधी एक दिवस यांना फक्त श्वासासाठी बोलवू. काय जमतं ते बघू, मग पद्धत ठरवू." या वाक्यावर मी तिथेच फाईल काढली. या रिव्ह्यूतले सगळ्यात जास्त मार्क त्या एका दिवसाला आहेत.

त्या दिवशी एक तरुण तंत्रज्ञ मुलगी आणि तिच्याबरोबर फिजिसिस्ट मॅडम होत्या. रेडिएशन विभागात फिजिसिस्ट असतो हे बऱ्याच नातेवाईकांना माहीतच नसतं. डोस कुठे किती पडेल, मशीन बरोबर देतंय का, हे सगळं हीच माणसं बघतात. आबांना टेबलावर उताणं निजवलं, दोन्ही हात डोक्याच्या वर, आधाराच्या दांड्या धरून. हात वर का, तर किरण बाजूनेही येतात, मध्ये दंड यायला नकोत. पोटावर, छाती संपते तिथे, एक हलकी प्लॅस्टिकची डबी ठेवली. तिच्यावर चमकणारे ठिपके. समोरचा इन्फ्रारेड कॅमेरा ते ठिपके बघतो. पोट वर-खाली झालं की डबी वर-खाली होते आणि स्क्रीनवर लाट उमटते. व्हेरियनची आरपीएम म्हणून जी पद्धत आहे ती हीच. काही ठिकाणी डबीऐवजी पोटाला पट्टा बांधतात.

मग पुढची काही मिनिटं ती मुलगी काहीच बोलली नाही. नुसती लाटेकडे बघत राहिली. मी विचारलं, सुरू कधी करणार? ती म्हणाली, "सुरू झालंय, मॅडम. 'नेहमीसारखा श्वास घ्या' म्हटलं की कोणीच नेहमीसारखा घेत नाही. म्हणून आधी गप्प राहायचं." खरंच, सुरुवातीच्या लाटा उंच आणि वेड्यावाकड्या होत्या. आबांचं अंग सैल पडत गेलं तशा त्या खाली आल्या, सारख्या झाल्या. हा संयम पैसे देऊन विकत मिळत नाही. मशीनवर पेशंटची रांग लावून ठेवणाऱ्या विभागात तो दिसतही नाही.

त्यानंतर तिने श्वास रोखायला लावलं. आत घ्या, धरा. रोखता आला तर सगळ्यात उत्तम, कारण गाठ तेवढा वेळ जवळपास स्थिर राहते आणि फुप्फुस फुगलेलं असल्यामुळे किरणांच्या वाटेत येणारा त्याचा हिस्साही कमी होतो. त्यासाठी एका दमाला साधारण पंधरा-वीस सेकंद लागतात, तेही पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी तेवढ्याच उंचीवर. आबांचा दम आठ-नऊ सेकंदांत फुटायचा आणि मग खोकला. तिने दुसऱ्यांदा करून बघितलं आणि लगेच थांबवलं. "आजोबा, हे तुमच्यासाठी नाही. सोडून द्या. दुसरा रस्ता आहे." आबांना नापास झाल्यासारखं वाटू नये म्हणून ती ज्या सुरात बोलली, तो सूर माझ्या कानात आहे. पोटावर पाटी दाबून पडद्याची हालचाल कमी करायची पद्धतही बघितली. त्यात आबांना धाप लागली, तीही बाद.

शेवटी ठरलं गेटिंग. म्हणजे आबांनी आपला सावकाश श्वास घेत राहायचा आणि लाट ठरलेल्या पट्ट्यात असेल तेवढ्याच वेळात मशीनने किरण सोडायचे. पट्ट्याच्या बाहेर गेली की किरण बंद. हा पट्टा श्वास सोडून झाल्यावरच्या क्षणांभोवती ठेवला. कारण साधं आहे: आत घेतलेला श्वास कधी कमी कधी जास्त असतो, पण सोडून झाल्यावर पडदा दर वेळी जवळजवळ त्याच जागी परत येतो आणि तिथे थोडा जास्त वेळ टेकतो.

फिजिसिस्ट मॅडमनी सांगितलं, श्वास सोडणं जितकं लांबवता येईल तितकं चांगलं. त्या मुलीने आबांना विचारलं, घरी काही नामस्मरण करता का? आमच्याकडे 'राम कृष्ण हरी' असतंच. मग तिने बसवून दिलं: 'राम'ला घ्यायचा, 'कृष्ण हरी'ला सावकाश सोडायचा, मनातल्या मनात. स्क्रीनवरची लाट माझ्या डोळ्यांदेखत बदलली. वर जाणारी बाजू आखूड, उतरणारी लांब, तळाशी सपाट. विभागात श्वासाच्या सूचनांचं रेकॉर्डिंग आहे, पण हिंदी आणि इंग्रजीत. आबांना हिंदी कळतं, तरी स्पीकरवरचा तो आवाज लागला की ते दचकायचे आणि लाट उसळायची. मुलीने रेकॉर्डिंग बंद केलं ते शेवटपर्यंत लावलं नाही. रुग्णालयाने मराठी रेकॉर्डिंग करून घ्यावं, अर्ध्या दिवसाचं काम आहे. दर वेळी अशी मुलगी ड्युटीवर असेलच असं नाही.

घरी सराव सांगितला होता. सतरंजीवर उताणं, पातळ उशी, हात वर, वीस मिनिटं. आबांचा डावा खांदा आखडलेला, त्यामुळे श्वासापेक्षा हातानेच जास्त रडवलं. हे कोणी आधी सांगत नाही म्हणून ठळक लिहिते: फुप्फुसाच्या रेडिएशनमध्ये खांदा महत्त्वाचा आहे. दुखत असेल तर पहिल्याच भेटीत सांगा. आम्ही सांगितल्यावर त्यांनी दंडाखाली जास्तीचा आधार दिला आणि गादी तशी बनवली. गादी म्हणजे थर्माकोलच्या बारीक मण्यांची पिशवी. माणूस तिच्यात निजला की मशीनने हवा ओढून घेतात आणि ती त्याच्या पाठीच्या आकारात दगडासारखी घट्ट होते. दर सिटिंगला तीच गादी, त्यावर आबांचं नाव.

प्लॅनिंगचा सीटी फोर-डी होता. टेबल सावकाश सरकतं, प्रत्येक ठिकाणी पूर्ण श्वासभर चित्रं घेतली जातात आणि नंतर डबीच्या लाटेवरून ती श्वासाच्या दहा टप्प्यांत वेगळी केली जातात. दहा टप्पे ओळीने लावले की गाठीची फिल्म तयार. मॅडमनी ती मला दाखवली. काळ्या फुप्फुसात पांढरा ठिपका, खाली जातो, वर येतो, खाली जातो. मोजमाप होतं वर-खाली १४ मिलिमीटर. आबांच्या आजाराबद्दल इतके दिवस कागदावरचे शब्दच वाचले होते, ती गाठ हलताना पाहिली ती त्या दिवशी. आबांनीही पाहिली. म्हणाले, "हिला धरायची म्हणजे हिच्या चालीने चालायला पाहिजे."

गेटिंगने नेमका फायदा किती, हे मी घरी येऊन गणित करून बघितलं. हिशेब ढोबळ आहे, डॉक्टरांचं सॉफ्टवेअर याहून कितीतरी बारकाईने करतं, पण अंदाज येतो. २.३ सेंटीमीटर व्यासाचा गोल धरला तर गाठ साधारण ६.४ घन सेंटीमीटर. चारी बाजूंनी ५ मिलिमीटरची मार्जिन धरली की व्यास होतो ३.३ आणि घनफळ सुमारे १९. त्यात १४ मिलिमीटरचा पूर्ण प्रवास धरला, म्हणजे गोलाची कॅप्सूल झाली, तर सुमारे ३१. गेटच्या पट्ट्यात उरलेली हालचाल ४ मिलिमीटर होती, त्या हिशेबाने सुमारे २२. म्हणजे ९ घन सेंटीमीटर फुप्फुस, गाठीच्या सव्वापटीहून जास्त, पूर्ण डोसच्या तडाख्यातून सुटलं. ज्याचा दम जिना चढताना अर्ध्यावर संपतो त्याच्यासाठी हे थोडं नाही.

गेटिंग सगळ्यांना लागतं असं मात्र नाही, आणि मॅडमनी ते प्रामाणिकपणे सांगितलं. गाठ तीन-चार मिलिमीटरच हलत असेल तर फोर-डी सीटीवर तिचा सगळा प्रवास आखून, तेवढ्या भागाला मोकळ्या श्वासात किरण देणं पुरतं. वेळ कमी लागतो, म्हाताऱ्या माणसाला हात वर करून कमी वेळ पडावं लागतं. म्हणून कोणी 'आमच्याकडे सगळ्यांना गेटिंगच' म्हणालं तर तेही तपासून बघा.

प्लॅन तयार व्हायला आठवड्याच्या वर गेला. नातेवाईकांचा जीव इथे टांगणीला लागतो, गावाकडून फोन येतात, "शेक कधी चालू करणार?" या दिवसांत आधी डॉक्टर गाठ आणि हृदय, अन्ननलिका, मणक्यातली नस, बरगड्या आखतात, मग फिजिसिस्ट प्लॅन बसवतात आणि पेशंटला हात लावण्याआधी तोच प्लॅन मशीनवर मोजणीच्या यंत्राला देऊन तपासतात. हे मला विचारल्यावर कळलं. विभागाने आपणहून फोन करून कळवायला हवं होतं. सिटिंगची तारीख मिळवायला मलाच पुन्हा पुन्हा फोन लावावा लागला आणि काउंटरवरचा माणूस दर वेळी "फिजिक्समध्ये आहे" एवढंच म्हणायचा.

सिटिंगच्या दिवसांची शिस्त चांगली होती. जेवण हलकं आणि दर वेळी सारखंच ठेवायला सांगितलं, कारण डाव्या पडद्याखाली जठर आहे, ते भरलेलं असलं की पडदा वेगळा वागतो. इनहेलरची वेळ आमच्या छातीच्या डॉक्टरांना विचारून सिटिंगच्या हिशेबात बसवली. टेबलावर निजवल्यावर आधी मशीनवरच सीटीसारखं चित्र घेतात, कोनबीम. ते घ्यायला मिनिटभर लागतं, तेवढ्यात बरेच श्वास होतात, म्हणून गाठ त्यात धूसर दिसते. ते चित्र प्लॅनशी जुळवून टेबल मिलिमीटरने सरकवतात. त्या वेळी डॉक्टर स्वतः स्क्रीनसमोर असायच्या. एसबीआरटीला असायलाच हव्यात.

मला बाहेर कन्सोलजवळ बसू दिलं ते एकदाच, आणि नेमकं तेव्हाच बघण्यासारखं घडलं. जाड दार बंद झालं, कॅमेऱ्यात आबांचे पाय दिसत होते, स्क्रीनवर लाट. लाट पट्ट्यात आली की किरण चालू, बाहेर गेली की बंद. मध्येच लाट हळूहळू खाली उतरायला लागली, उंची कमी झाली, मग एकदम एक मोठा उसासा. किरण आपोआप थांबले. मुलीने माइकचं बटण दाबलं, "आजोबा, झोपलात का?" आतून आवाज, "नाही नाही." "झोपलात. राम कृष्ण हरी चालू करा." चार-पाच श्वासांत लाट परत जागेवर आली. मॅडम म्हणाल्या, अंग सैल पडत गेलं की लाटेची पातळीच सरकते, त्यामुळे मशीनवर सोडून देऊन चालत नाही, माणसाला डोळ्यात तेल घालून बसावं लागतं. सरकली तर पुन्हा चित्र घ्यायचं. त्या दिवशी त्यांनी ते घेतलं. दुपार झाली होती, बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी घेतलं.

खोकल्याचं आबांना फार भय होतं. खोकला आला तर किरण भलतीकडे जातील, या भीतीने ते श्वासच कोंडायचे. त्यांना सांगितलं गेलं, येऊ दे खोकला, लाट पट्ट्याबाहेर गेली की मशीन थांबतं, तुम्ही हात मात्र खाली घेऊ नका. हे पहिल्याच दिवशी नीट सांगायला हवं, सगळ्यांना. सूचनांचा कागद दिला होता, पण इंग्रजीत, आणि त्यात आंघोळ, मार्किंगच्या खुणा, सैल कपडे सगळं आहे, खोकल्याचं नाही.

गेटिंगमुळे वेळ लागतो. किरण चालू असण्याचा काळ श्वासाचा एक हिस्साच असतो, म्हणून जे मोकळ्या श्वासात पटकन झालं असतं त्याला बराच जास्त वेळ लागला. खोली थंडगार. अंगावर पांघरूण घालता येत नाही, कारण डबी आणि पोट कॅमेऱ्याला दिसायला हवं. पायांवर घालता येतं, मागितल्यावर दिलं. मागायला लागू नये.

सगळ्यात मोठी तक्रार बिलाची. पॅकेज सांगताना 'सगळं धरून' म्हणाले होते, नंतर फोर-डी सीटी आणि गेटिंगची वेगळी ओळ आली. विमा कंपनीने त्या ओळीवर प्रश्न काढला, डॉक्टरांचं पत्र लागलं, पत्रासाठी पुन्हा खेटे. डॉक्टरांनी पत्र मात्र उत्तम दिलं: गाठ किती हलते, गेटिंग का लागलं, मोजमापासकट. तेव्हा अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात श्वासाच्या पद्धतीचं नाव घालून घ्या. सरकारी योजनेतून करणार असाल तर मंजुरी नेमकी कोणत्या उपचाराला आहे ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून आधी समजून घ्या.

माझ्या एका सहकारी मॅडमना डाव्या स्तनाच्या कॅन्सरसाठी दुसऱ्या शहरात रेडिएशन झालं, त्यांना श्वास रोखूनच दिलं. त्यांच्याकडे डबीही नव्हती. छतावरचे कॅमेरे छातीवर प्रकाश टाकून त्वचेचा पृष्ठभागच वाचतात, आणि त्यांना चष्म्यात पट्टी दिसायची, श्वास भरून ती हिरव्या चौकटीत न्यायची आणि धरून ठेवायची. श्वास भरला की हृदय छातीच्या भिंतीपासून दूर जातं, तिथे हेतूच तो असतो. त्यांना ते मजेत जमलं. वय पन्नाशीच्या आत, फुप्फुसं ठणठणीत. त्यांचं ऐकून आबांसाठी तेच मागितलं असतं तर काही साधलं नसतं. इलेक्टाची एबीसी नावाची पद्धत आहे, तीत नाकाला चिमटा, तोंडात नळी आणि ठरलेल्या हवेवर झडप बंद होते. चांगला दम असणाऱ्याला ती फार नेमकी बसते. सायबरनाइफमध्ये तर किरण सोडणारा रोबोटचा हातच गाठीच्या मागे फिरतो, पेशंट आपला श्वास घेत राहतो. पण गाठ दिसावी म्हणून काही वेळा सोन्याचे बारीक कण सुईने आत बसवावे लागतात, आणि सीओपीडीच्या फुप्फुसात सुई घालताना हवा बाहेर पडून फुप्फुस खाली बसायचा धोका असतो. आमच्या डॉक्टरांनी त्यासाठीच तो मार्ग नको म्हटलं, आम्हाला पटलं.

तेव्हा भेटीला जाल तेव्हा एवढं विचारा. फोर-डी सीटी करणार का? गाठ किती मिलिमीटर हलते ते आम्हाला सांगणार का? श्वासाच्या सरावासाठी वेगळी वेळ देणार का, की सीटीच्याच दिवशी टेबलावर शिकवणार? पेशंटला श्वास रोखता आला नाही तर तुमच्याकडे दुसरं काय आहे? आणि सिटिंग चालू असताना लाटेकडे कोण बघत बसणार? विचारल्यावर चिडणारा विभाग मी तरी टाळीन. पुण्यात यातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळालं, दोन प्रश्नांना तर आकृती काढून.

कुणाला ही सेवा सुचवणार नाही, तेही लिहिते. ज्यांना अर्धा-पाऊण तास उताणं पडणंच शक्य नाही, ऑक्सिजन काढला की जीव घाबरतो, त्यांनी नातेवाइकांच्या हट्टापायी यात पडू नये. आधी छातीच्या डॉक्टरांकडून धाप आटोक्यात आणावी, मग रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारावं. ऐकू कमी येत असेल तर यंत्र कानात ठेवू देतात का ते आधी ठरवा, नाहीतर माइकवरची सूचना पोचत नाही. आबांच्या आधीच्या नंबरच्या एका आजींचा याच कारणाने फार गोंधळ झाला, शेवटी त्यांच्या सुनेने दाराशी उभं राहून सगळं समजावलं, मग दार बंद केलं.

उपचार संपल्यावर आबांना थकवा आला, भूक मंदावली, कोरडा खोकला वाढला. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की रेडिएशनची फुप्फुसाला सूज यायची असेल तर ती लगेच येत नाही, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येते. धाप वाढली, ताप आला तर गावातल्या डॉक्टरांनी साधा न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक देत बसू नये, पुण्याला फोन करावा, असं फाईलवर लाल अक्षरात लिहून दिलंय. ही लाल ओळ मला फार आवडली. नाशिकच्या आमच्या डॉक्टरांना मी फोटो पाठवून ठेवलाय. आतापर्यंत त्या सुजेवर देतात त्या स्टेरॉइडची गरज पडलेली नाही. डाव्या बरगडीवर अधूनमधून दुखतं, त्याचीही कल्पना दिली होती.

तीन महिन्यांच्या सीटीत गाठ आक्रसलेली दिसली आणि तिच्याभोवती धुरकट डाग आलाय. डॉक्टरांच्या मते तो किरणांचा व्रण, गाठ नव्हे, पण अशा व्रणाचा आकार महिनोन्‌महिने बदलत राहतो म्हणून एका चित्रावरून कोणीच छातीठोक बोलत नाही. पुढचा सीटी झाला की त्याचा निकाल या रिव्ह्यूखाली जोडते. तोवर कुणाला खांद्याच्या आधाराबद्दल किंवा विम्याच्या पत्राबद्दल विचारायचं असेल तर खाली विचारा, पत्रात कुठल्या गोष्टी लिहून घेतल्या ते सांगते.